रून बेटाचा मामला

जावाच्या पूर्व टोकापासून हजार मैलांहून अधिक अंतर तोडून गेल्यावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेचार अंशांच्या सुमारास जो समुद्र लागतो, आणि ज्याचा तळ काही ठिकाणी चार मैलांपेक्षाही खोल आहे, त्या समुद्राच्या पोटातून वर आलेल्या ज्वालामुखींच्या माथ्यांवर दहा-अकरा लहान बेटे वसलेली आहेत. या बेटांना बांदा म्हणतात. आपल्या सावंतवाडीच्या वेशीवरचे बांदे ते निराळे. पैकी सर्वांत थोरले लोंथोर हे कोयत्याच्या पात्यासारखे वाकलेले असून त्याच्या कुशीत नेइरा हे बंदराचे बेट आहे. आणि नेइरासमोर, चिंचोळ्या खाडीपलीकडे, गुनुंग आपी हा दोन हजार फुटांवर उंचीचा अग्निपर्वत उभा आहे. तो विझलेला नाही. अगदी १९८८ सालीही त्याने लाव्हा ओकून वस्तीची पळापळ केली. या त्रिकुटाला मागे टाकून पश्चिमेकडे निघाले म्हणजे प्रथम आय नावाचे बेट लागते, आणि त्याच्याही पलीकडे, साऱ्या कुटुंबापासून फटकून राहिल्याप्रमाणे, रून.

रून लांबीला जेमतेम दोन मैल आणि रुंदीला मैलभरही नाही. प्रवाळाच्या खडकाचे कडे, मध्ये चढउताराची दाट झाडी, एका टोकाला नाइलाका नावाचा वाळूचा ठिपका, जेथे ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. एवढाच या मुलखाचा विस्तार. येथे ओढा नाही, झरा नाही, भाताचे खाचर नाही. गोडे पाणी म्हणजे पावसाने दिले असेल तेवढे, आणि धान्य म्हणजे परमुलखातून गलबतांनी आणले असेल तेवढे. ज्या बेटाला आपल्या माणसांस पाजण्यापुरतेही पाणी नाही, त्याच्यासाठी युरोपातील दोन बलाढ्य व्यापारी कंपन्यांनी अर्धशतक भांडावे, आणि दोन राष्ट्रांच्या वकिलांनी तहाच्या मेजावर त्याचे नाव पुनःपुन्हा काढावे, हे वरवर पाहता विचित्र वाटते. त्याचे कारण एका झाडात होते.

जायफळाचे झाड सदाहरित, वीस-पंचवीस हातांपर्यंत वाढणारे, आणि मोठे नाजूक स्वभावाचे. त्याला ऊन हवे पण सावलीतून गाळलेले, म्हणून बांदाची माणसे त्याच्यावर कनारीच्या प्रचंड वृक्षांचे छत्र धरीत आली. झाडांत नर आणि मादी वेगळी. कोणते कोणत्या जातीचे हे ते सहा-सात वर्षांचे होऊन फुलावर येईपर्यंत कळत नाही, त्यामुळे लावणाऱ्याची निम्मी मेहनत वाया जाण्याचा संभव. फळ पिवळसर, जर्दाळूच्या आकाराचे. पिकले म्हणजे ते शिवणीवर उकलते आणि आतील काळ्या चकचकीत बीला कवटाळून बसलेली लालभडक जाळी दिसू लागते. ती जाळी सोडवून उन्हात घातली की लाली जाऊन ती केशरी पिवळी होते, ती जायपत्री. आणि कवच फोडून आतला जो गर निघतो ते जायफळ. आपल्या वैद्यांनी त्याला जातीफल म्हणून शतकानुशतके औषधात घातले, गृहिणींनी श्रीखंडात आणि पुरणात घातले. परंतु ज्या झाडाचे ते फळ, ते झाड त्या काळी पृथ्वीच्या पाठीवर या मूठभर बेटांखेरीज कोठेही उगवत नव्हते, ही गोष्ट ते फळ उगाळणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

माझ्या मते बांदाच्या साऱ्या इतिहासाची किल्ली येथे आहे. मिरी मलबारच्या किनाऱ्यावर शेकडो कोस पिकत असे. तिच्यावर मक्ता बसवू पाहणाऱ्याला एक राजा वश झाला तर दुसरा उलटे, एक बंदर अडवले तर दुसरे उघडे राही. जायफळाचे तसे नव्हते. जगाची अख्खी पैदास दोन-चार गलबतांच्या पहाऱ्यात राहील एवढ्या जागेत मावत होती. दौलत दुर्मीळ असणे हे एक भाग्य, पण ती दुर्मीळही असावी आणि तिची जागाही इतकी चिमुकली असावी की ती कोणालाही घेरता यावी, हे मात्र त्या भूमीतील माणसांचे दुर्दैव होते.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथे राजा नव्हता. गावोगावचे श्रीमंत आणि वडीलधारे, ज्यांना ओरांग काया म्हणत, ते एकत्र बसून मसलत करीत, आपसांत भांडत आणि व्यापार मात्र सर्वांशी ठेवीत. जावा आणि मलाक्काचे व्यापारी तांदूळ आणीत, शेजारच्या बेटांतून साबुदाणा येई, गुजरातच्या आणि चोळमंडलाच्या मागांवर विणलेले सुती कापड मलाक्कामार्गे तेथवर पोहोचे, आणि त्या सगळ्याच्या बदल्यात जायफळ-जायपत्रीच्या राशी गलबतांत चढत. याच वाटेने इस्लामही आला आणि रुजला. पावसाळी वारे वर्षातून दोनदा दिशा बदलत. पश्चिमेचा वारा असेतोवर यायचे, तो फिरला की परतायचे, असा सारा व्यवहार वाऱ्याच्या पंचांगावर चाललेला होता. पोर्तुगीजांनी १५११ साली मलाक्का जिंकल्यावर पुढच्याच साली आंतोनियु द आब्रेउ याचा काफिला बांदाला पोहोचला. परंतु पोर्तुगीजांना तेथे ठाणे बसवणे कधी साधले नाही, आणि पुढे शंभर वर्षे ते इतरांसारखेच एक गिऱ्हाईक म्हणून राहिले.

१५९९ साली डच आले, आणि १६०२ मध्ये त्यांनी काही ओरांग कायांकडून एका करारनाम्यावर सह्या घेतल्या, की इतःपर जायफळ आम्हांखेरीज कोणास विकावयाचे नाही. बेटकऱ्यांच्या दृष्टीने हा कागद म्हणजे पाहुण्याची समजूत काढण्याचा एक शिष्टाचार होता. डचांच्या दृष्टीने तो कायमची सनद होती. शिवाय सौदाच मुळात बेताल होता. ज्या बेटावर पोटाला भात नाही तेथे हे लोक जाड लोकरी कापड घेऊन आले, तेही विषुववृत्ताच्या उन्हात, आणि आपले तांदूळवाले जुने आडते मात्र दारात उभे करू नका असे बजावू लागले. साहजिकच बेटकऱ्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना चोरून माल देणे चालू ठेवले, आणि डचांच्या कागदपत्रांत त्याची नोंद बेइमानी म्हणून झाली. १६०९ साली पीटर फेरहूफ हा डच दर्यासारंग मोठे आरमार घेऊन नेइरावर उतरला व किल्ल्याचा पाया खणू लागला, तेव्हा वाटाघाटीच्या मिषाने त्याला झाडीत बोलावून बेटकऱ्यांनी त्याच्यासह चाळीसहून अधिक डचांना कापून काढले. त्या आरमारावर यान पीटरसोन कून नावाचा एक तरुण कारकून होता. त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली.

इंग्रजांचा प्रवेश या नाटकात काहीसा उशिरा आणि उसन्या वेषात होतो. त्यांच्यापाशी जहाजे थोडी, पैका थोडा, पण डचांचा वैरी तो आपला मित्र या हिशोबाने आय आणि रून येथील ओरांग कायांनी त्यांना जवळ केले. १६१६ साली डचांनी आय घेतले, तेव्हा उरलेले रून हातचे जाऊ नये म्हणून बांतामच्या इंग्रज वखारीने नॅथॅनिएल कोर्टहोप यास स्वान आणि डिफेन्स ही दोन जहाजे देऊन रवाना केले. २३ डिसेंबर १६१६ रोजी तो रूनला पोहोचला. बेटकऱ्यांनी इंग्लंडच्या जेम्स राजाचे स्वामित्व मान्य केल्याचा कागद लिहून दिला आणि त्याची खूण म्हणून मातीसकट जायफळाचे एक रोप त्याच्या स्वाधीन केले. ज्या राजाने हे बेट कधी नकाशावरही नीटसे पाहिले नसेल, त्याच्या राज्याच्या यादीत ते अशा रीतीने दाखल झाले.

कोर्टहोपने तोफा उतरवून मोर्चे बांधले, नाइलाकावरही दमदमा उभारला, आणि तेथून त्याची परीक्षा सुरू झाली. स्वान जहाजाचा कप्तान त्याचा सल्ला न जुमानता पाणी भरावयास सेराम बेटाकडे गेला आणि डचांच्या हाती सापडला. डिफेन्सवरील काही खलाशांनी दगलबाजीने नांगराचे दोर तोडून ते जहाज परस्पर शत्रूला नेऊन दिले. आता चाळीसच्या आत माणसे, मोजक्या तोफा, पावसाच्या पाण्याची टाकी आणि बेटकऱ्यांचा भरवसा, एवढ्यावर त्याला राहावयाचे होते. १६१८ च्या मार्चमध्ये सॉलोमन आणि अटेंडन्स ही कुमकेची जहाजे क्षितिजावर दिसली. किनाऱ्यावरील माणसे त्यांच्याकडे डोळे लावून बसली असता डच जहाजांनी त्यांना मध्येच गाठले, दिवसभर तोफांची गर्जना चालली, आणि शेवटी दोन्ही जहाजे रसदीसह शत्रूच्या ताब्यात गेलेली रूनवरून उघड्या डोळ्यांनी पाहावी लागली. डचांनी कोर्टहोपला बेट सोडल्यास सुखरूप जाऊ देण्याचा कौल एकाहून अधिक वेळा पाठवला. त्याने तो नाकारला. पाण्यात किडे झाले, तांदूळ संपला, साबुदाण्यावर दिवस काढले, तरी तो हटला नाही. यातील विलक्षण विपर्यास असा की, १६१९ च्या जुलैमध्ये लंडनमध्ये दोन्ही कंपन्यांचा समेट होऊन करारावर शिक्केही उठले होते. ज्या भांडणासाठी तो उपाशी मरत होता ते मालकांनी हजारो कोसांवर मिटवून टाकले होते. १६२० च्या ऑक्टोबरमध्ये एके रात्री होडीतून जात असता डचांनी त्याला घेरले. गोळी लागल्यावर त्याने समुद्रात उडी टाकली, आणि तेथे त्याचा अंत झाला.

इंग्रज इतिहासलेखकांनी या माणसाचा पुष्कळ गौरव केला आहे, व त्याचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र या चार वर्षांच्या वेढ्यात त्याच्याबरोबर रूनची सारी रयतही उपाशी होती, तिच्याच होड्या अंधारात डचांचा पहारा चुकवून रसद आणीत होत्या, आणि वेढा उठल्यावर जहाजात बसून आपल्या देशी परतण्याची सोय तिला नव्हती. तिचा कोणीही रोजनिशी लिहिणारा नसल्यामुळे ती या कथेत केवळ नेपथ्याला उरली.

कोर्टहोप गेला आणि कून आला. तो आता डच कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला होता. युद्धाशिवाय व्यापार चालत नाही आणि व्यापाराशिवाय युद्ध चालत नाही, हे सूत्र त्याने आपल्या धन्यांना काही वर्षांपूर्वीच पत्राने कळवले होते. १६२१ च्या आरंभी तो तेरा मोठी जहाजे, दीड हजारांवर शिपाई आणि पगारी जपानी तलवारबहाद्दर घेऊन बांदाला आला व मार्चमध्ये त्याने लोंथोर काबीज केले. डोंगरात पळालेली माणसे भुकेने आणि रोगाने मेली, काहींनी शरण येण्यापेक्षा कड्यावरून उड्या घेतल्या. ओलीस म्हणून आणलेल्या ओरांग कायांवर कटाचा आरोप ठेवून, छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले, आणि ८ मे १६२१ रोजी नेइराच्या नासाऊ किल्ल्याबाहेर बांबूंचे गोल कुंपण घालून त्यात चव्वेचाळीस जणांना आणून उभे केले. प्रथम आठ प्रमुख, मग उरलेले छत्तीस. सहा जपान्यांनी आपल्या धारदार तलवारींनी त्यांची शिरे उडवली व धडांचे तुकडे केले. पाऊस पडत होता. तेथे हजर असलेल्या एका डच अंमलदाराने लिहून ठेवले आहे की, सारे निमूटपणे मरण सोसत असता एकाने मात्र डच भाषेत विचारले, महाराज, तुमच्यापाशी दया नाहीच काय? त्या अंमलदारास स्वतःला तो प्रकार पाहवला नाही, असेही त्याच्या लिहिण्यावरून दिसते.

मोहिमेपूर्वी बांदाची लोकसंख्या पंधरा हजारांच्या घरात असावी असा अंदाज आहे. मोहिमेनंतर तेथे हजारभर माणसे उरली. सुमारे आठशे जणांना जावावरील बाताव्हिया या डच ठाण्यास नेऊन गुलाम केले. काही होड्या घालून आग्नेयेकडील केई बेटांकडे निसटले. हॉलंडातील संचालकांनी कूनला इतकी कठोरता नसती तर बरे होते असे लिहिले आणि त्याच्या कामगिरीबद्दल त्याला बक्षीसही दिले. त्याचा पुतळा होर्न या त्याच्या गावी १८९३ साली उभारला गेला, आणि अद्याप उभा आहे.

रूनची पाळी निराळ्या रीतीने आली. तेथील कर्त्या पुरुषांस ठार तरी केले किंवा गुलाम तरी केले, बायकामुलांना परागंदा केले, आणि मग बेटावरील जायफळाचे प्रत्येक झाड शोधून तोडून टाकले. हेतू एवढाच की, इंग्रज कधीकाळी सनद दाखवीत परत आलेच तर त्यांच्या हाती नुसता खडक लागावा. त्या मोकळ्या झालेल्या रानात इतर बेटांवरील लोकांच्या खाण्यासाठी गुरे सोडण्यात आली. लोंथोर, आय व नेइरा येथील बागा मात्र अडुसष्ट वाट्यांत विभागून कंपनीच्या निवृत्त नोकरांना लावून दिल्या, कंपनीने दर ठरवावा, माल तिलाच घालावा, आणि बागेत राबण्यासाठी तिनेच गुलाम पुरवावेत अशा शर्तींवर. हे गुलाम पापुआ, तिमोर, बाली अशा ठिकठिकाणांहून आले, आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनही आले.

१६२३ साली अंबोयना येथे डचांनी कटाच्या आरोपाखाली दहा इंग्रजांना तलवारीखाली दिल्यानंतर इंग्रज कंपनीने त्या मसाल्याच्या समुद्रातून हळूहळू अंग काढून घेतले आणि हिंदुस्थानातील वखारींवर लक्ष केंद्रित केले. हक्क मात्र तिने सोडला नाही. ओसाड पडलेले रून १६५४ च्या वेस्टमिन्स्टरच्या तहात परत मागितले गेले, डचांनी अकरा वर्षे टाळाटाळ करून १६६५ मध्ये ते दिले, आणि लढाई जुंपताच पुन्हा घेतले. शेवटी ३१ जुलै १६६७ रोजी ब्रेडा येथे तह झाला. रून देऊन इंग्रजांनी न्यूयॉर्क घेतले, ही गोष्ट लोक फार चवीने सांगतात. तसा नावानिशी सौदा तहात नाही. ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याने ठेवावे, एवढेच तत्त्व ठरले, आणि त्यान्वये १६६४ साली घेतलेले न्यू ॲमस्टरडॅम इंग्रजांकडे व रून आणि दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम डचांकडे राहिले. परंतु त्या वेळच्या वाटाघाटींत ऊस पिकवणारे सुरिनाम आणि जायफळाची मक्तेदारी निर्वेध करणारे रून ही मॅनहॅटनच्या चामड्याच्या बाजारापेक्षा हलकी ठरली नाहीत, हे खरे. या तहाच्या पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने पोर्तुगीजांकडून आंदणात मिळालेले आणखी एक लहान बेट आपल्या कंपनीला सालिना दहा पौंड खंडाने देऊन टाकले. ते मुंबई.

मक्तेदारी टिकवण्यासाठी डचांनी जे जे करता येईल ते केले. जायफळे परदेशी रोपाला उपयोगी पडू नयेत म्हणून चुन्यात बुडवून पाठवली, चोरट्या विक्रीला देहदंडाची शिक्षा ठेवली, इतर बेटांवर चुकून उगवलेली झाडे तोडण्यास माणसे धाडली. पण त्या अरण्यात मोठे कबूतर राहते, ते जायपत्रीच्या लालीला भुलून अख्खे बी गिळते आणि दूरच्या बेटावर जाऊन टाकते. त्याच्यावर कोणत्या कचेरीचा हुकूम चालणार? माणसांनीही तेच केले. १७७० साली पिएर प्वाव्र या फ्रेंच अंमलदाराच्या प्रयत्नाने जायफळाची रोपे मॉरिशसला पोहोचली. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या व नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांनी बांदा दोनदा घेतले. दुसऱ्या वेळी, १८१० साली, कोल नावाच्या कप्तानाने रात्री वादळात थोडी माणसे उतरवून नेइराचा किल्ला सर केला. १८१७ मध्ये बेटे डचांना परत गेली, परंतु तोवर त्यांची रोपे पेनांग, बेंकूलेन आणि सिंहलद्वीप येथे रुजली होती, आणि १८४३ पासून ग्रेनाडात लागवड झाल्यावर बांदाचे एकमेवपण कायमचे संपले. आज तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या नारळी-पोफळीच्या बागांत जायफळाचे आंतरपीक आहे, आणि मादी झाड हमखास मिळावे म्हणून तेथे कलमे बांधतात. ज्या वनस्पतीच्या एका रोपापायी देहदंड होता, तिचे कलम आता कोकणातल्या रोपवाटिकेत पिशवीत मिळते.

बाजार गेल्यावर बांदा विस्मृतीत गेले आणि सरकारला नको असलेली माणसे ठेवण्याच्या उपयोगी पडू लागले. १९३६ साली डचांनी मोहम्मद हट्टा आणि सुतान शारिर या राष्ट्रीय पुढाऱ्यांना नेइरावर स्थानबद्ध केले. तेथे सहा वर्षे त्यांनी गावच्या मुलांना शिकवले, आणि पुढे त्यांतील पहिला इंडोनेशियाचा उपराष्ट्राध्यक्ष व दुसरा पहिला पंतप्रधान झाला. पूर्वेकडील एका बेटाला आता हट्टाचेच नाव आहे. ज्या चव्वेचाळिसांची शिरे उडवली त्यांचे स्मारक नेइरावर परिगी रांते या विहिरीपाशी आहे. रूनवर पुन्हा झाडे लागली, पुन्हा वस्ती झाली. पण ती वस्ती नंतर आलेल्यांची, आणि पाणी अजून पावसाचेच. मूळच्या बांदाकरांची भाषा मात्र बांदात कोठेही ऐकू येत नाही. ती बोलणारे लोक केई बेटांवरच्या बांदा एली आणि बांदा एलात या दोन गावांत आहेत, १६२१ साली होड्या घालून निसटलेल्यांचे ते वंशज.